चौथी नळी

आमच्या भाऊजींना गप्प बसवायला आमची ताई उभा जन्म झटली. जेवताना बोलू नका, पाहुणे आले की त्यांना विहिरी सांगू नका, झोपेत तरी तोंड मिटा. आणि मग एका सकाळी दाढी करता करता भाऊजी बेसिनपाशी कोसळले, आणि दवाखान्यातून परत आले ते एकच शब्द घेऊन.

"बरोबर."

चहा हवा का? बरोबर. नको का? बरोबर. डॉक्टर म्हणाले, आत सगळं शाबूत आहे, ओळखतात सगळ्यांना, फक्त शब्दांकडे जायचा रस्ता तुटलाय. ताई म्हणाली, "इतक्या वर्षांच्या संसारात आत्ता कुठे हा माणूस माझ्या बोलण्याला बरोबर म्हणायला लागला." आम्ही हसलो. तीही हसली. मग आत जाऊन तिनं नळ सोडला. भांडं एकही नव्हतं घासायचं. ती नळ का सोडते ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी तिचा धाकटा भाऊ. शाळा मी लवकर सोडली. शाळाही माझ्यासाठी थांबली नाही. माझं गॅरेज आहे, आणि मधली बरीच वर्षं मी भाऊजींच्या संशोधन केंद्राची जीप चालवली. त्यांनीच मला ओढलं. म्हणाले, "बिघडलेल्या गाड्या बघून डोळे गेले असतील तुझे. चल, बिघडलेल्या विहिरी दाखवतो."

काम काय, तर शहर जिथं संपतं, जिथं वखारी, गोदामं, धुण्याचे कारखाने सुरू होतात, तिथल्या विहिरींतलं पाणी मोजायचं. त्यासाठी सात नळ्या होत्या. पोलादी, अंगठ्याएवढ्या जाड, आत बॅटरी. तारेला बांधून विहिरीत सोडायची, की आपल्या डोक्यावर किती पाणी आहे ते ती तासातासाला स्वतःच टिपून ठेवायची. महिना झाला की आम्ही जायचो, तार ओढायची, नळी पुसायची, कॉम्प्युटरला जोडायची, आकडे उतरवायचे, परत डुबुक.

प्रत्येक नळीवर नंबर कोरलेला. एक ते सात. कॉम्प्युटरातले आकडेही त्या नंबराखालीच जायचे. कुठली नळी कुठल्या विहिरीत, विहीर किती खोल, पाणी काठाच्या कुठल्या जागेपासून मोजायचं, हे सगळं फक्त भाऊजींच्या डोक्यात. केंद्रातलं कुणी विचारलं की कपाळावर बोट ठेवून म्हणायचे, "इथं आहे. शेवटी एकदमच लिहिणार आहे. विहीर, विहिरीचा मालक, मालकाचा स्वभाव, सगळं." मला वाटायचं, असंच करत असतील. गॅरेजात मी कुठं काय लिहितो?

चौथी नळी लाँड्रीवालीच्या विहिरीत होती. ही बाई म्हणजे एक प्रकरण. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी तिच्याकडे धुवायला यायच्या. अंगणभर दोऱ्या, दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी, आणि त्यातून आम्ही वाकून वाकून विहिरीकडे जायचो. चादरीला हात लागला की ओरडायची, "ए विहीरवाले! तुमच्या हातांचे ठसे दवाखान्यात नाही पाठवायचे मला!" भाऊजी म्हणायचे, "बाई, तुमच्या विहिरीची नाडी बघायला आलोय." "नाडी बघताय ना दर महिन्याला? मग औषध कधी देणार?"

औषध कुठलं आलंय. तिची विहीर दर वर्षी खाली जात होती. एका उन्हाळ्यात तळ दिसला. नळी चिखलावर उघडी लोंबत होती. आता ही नळी अशी कोरडी लोंबली की आतला भाग सुकून निकामी होतो, आणि केंद्र नवी द्यायला तयार नव्हतं. भाऊजी बराच वेळ काठावर बसले. मग म्हणाले, "भिंतीपलीकडे रोपवाटिकेची विहीर आहे. तेवढ्यापुरती तिथं टाकू. इथं पाणी आलं की परत आणू."

रोपवाटिकेची विहीर कायम भरलेली. शेजारून कालवा गेला होता, तो गळायचा, ते पाणी विहिरीत. नळी तिथं टाकली. पावसानंतर लाँड्रीत थोडं पाणी आलं, परत आणली. पुन्हा आटली, पुन्हा नेली. असं दोनदा झालं की तीनदा, देवाला ठाऊक. शेवटी ती तिकडेच राहिली. लाँड्रीवालीच्या विहिरीत पाणी परत यायचं नावच घेईना. कॉम्प्युटरात मात्र आकडे एकाच जागी जात राहिले. नळी चार. नळी चार. नळी चार.

भाऊजी आजारी पडले आणि महिन्याभरात केंद्रातून फोन आला, खोली रिकामी करा, त्यांच्या नावाची कॉम्प्युटरातली जागाही काढून घेणार आहोत. भाची नोकरी सोडून आलीच होती बापासाठी. ती म्हणाली, "मामा, बाबांचं आयुष्य आहे ते. असं पुसू देणार नाही मी." तिनं शोधून काढलं की अशी डेटा ठेवायची सरकारी कोठारं असतात. संशोधकांचे आकडे तिथं ठेवले की ते जगात कुणालाही सापडतात, वापरता येतात, आणि वापरणाऱ्यानं मूळ माणसाचं नाव द्यावं लागतं. त्याला एक कायमचा नंबर मिळतो. आधारवडासारखा, हलत नाही.

फॉर्म भरताना मी शेजारी होतो. ही लांबलचक यादी. लाल चांदणी असलेले रकाने भरावेच लागतात, बाकीचे भरलेत तर बरं. भाचीनं चांदणीवाले भरले. नाव, मथळा, वर्षं. मथळा तिनं छान दिला, शहराच्या सीमेवरील विहिरींतील पाण्याची पातळी. मग खाली यायला लागलं, मोजणीची जागा कुठली, जागा कधी बदलली का, उपकरण कुठलं, उंची कुठून धरली. तिनं वळून विचारलं, "बाबा, तुमची कुठली नळी कुठं होती?"

"बरोबर," भाऊजी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी एकेक विहीर सांगितली, तिनं नंबरासमोर टाकली. चौथी लाँड्रीची. ती लाँड्रीचीच म्हणायची आमची सवय. बाकीचे रकाने मोकळे. कोठारानंही घेतलं, चांदण्या भरल्या होत्या ना. नंबर आला. ताईनं तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतला आणि फ्रीजच्या दारावर चुंबकानं लावला. दूधवाल्यालासुद्धा दाखवला. "यांचं काम आहे. कायमचं."

त्यानंतर बरेच महिने काही नाही. मग एका दुपारी मी गॅरेजात एका गाडीखाली आडवा असताना भाचीचा फोन. ओरडतच होती. "मामा! बाबांचा डेटा वापरलाय कुणीतरी! संदर्भ दिलाय! बाबांचं नाव, नंबर, सगळं!"

मी तसाच ग्रीसच्या हातांनी गेलो. ताईनं गोड काहीतरी करायला घेतलं होतं. भाऊजी खुर्चीत, आणि त्यांना कळलं होतं, शपथेवर सांगतो, डोळे तसे झाले होते, जसे एखादी नळी नीट चालली की व्हायचे. ताई म्हणाली, "वाच ना पुन्हा, नाव कसं छापलंय." भाचीनं नाव पुन्हा वाचलं. मग ताई म्हणाली, "आता वरचंही वाच. काय लिहिलंय तरी?"

भाचीनं वर जाऊन वाचायला सुरुवात केली. बाटल्यांत पाणी भरणारा एक कारखाना त्या भागात यायचा होता. त्यांना खोल, मोठे पंप बसवायचे होते. त्यांच्या सल्लागारानं अहवाल बनवला होता की पंप बसवले तरी हरकत नाही. का? तर म्हणे दीर्घकाळ मोजलेल्या विहिरींपैकी चौथ्या जागी पाणी तळाला गेलं, मग आपोआप वर आलं, आणि पुढची कित्येक वर्षं भरलेलंच राहिलं. म्हणजे या जमिनीखालचं पाणी स्वतःहून भरून येतं. पुढं कंसात आमच्या भाऊजींचं नाव.

भाचीचं वाचन हळू होत गेलं. "मामा," ती म्हणाली, "लाँड्रीची विहीर भरलीय?"

"लाँड्रीच्या विहिरीत," मी म्हटलं, "गेल्या आठवड्यात त्या बाईनं जुन्या बादल्या टाकल्यात. कचरा टाकायला वापरते ती."

गॅसवरचं करपायला लागलं. कुणी उठलं नाही. भाऊजी म्हणाले, "बरोबर."

लाँड्रीवालीला कळायला वेळ लागला नाही. पाणी समितीच्या दारावर त्या अहवालासकट सूचना चिकटली होती, सुनावणी आहे, कुणाला हरकत असेल तर या. ती थेट ताईच्या घरी आली. हातात बादली, दोरीसकट. दारातच ठेवली.

"कुठंय ते विहीरवाले?"

"आत या," ताई म्हणाली. "बसा."

"बसायला नाही आले. तुमच्या कागदात माझी विहीर भरलेली आहे म्हणे. घ्या बादली. या माझ्याबरोबर, आणि काढून दाखवा. टँकरच्या पाण्यावर चादरी धुते मी. तोही पंप लागले की आटणार, कारण तो टँकर भरतो कुठं? तिथंच."

मग तिची नजर भाऊजींवर गेली. खुर्चीतला माणूस, उजवा हात मांडीवर पडलेला मेल्यासारखा. तिला माहीत नव्हतं.  मग हळूच म्हणाली, "काय हो, ओळखलंत का? मी. ठशांवरून ओरडायची ती."

"बरोबर," भाऊजी म्हणाले, आणि डाव्या हातानं त्यांनी बादलीची कडी धरली. सोडेचनात.

मी आणि भाची डेटाच्या त्या कोठारात गेलो. मला वाटलं मोठी मोठी कपाटं असतील. तर एक साधी खोली, गार, दोन टेबलं, आणि चष्मेवाल्या एक मॅडम. चांगल्या होत्या हो. आम्हाला आधी पाणी दिलं. भाचीनं सगळं सांगितलं, मॅडमनी पडद्यावर चौथ्या नळीची रेघ काढली. रेघ खाली, खाली, अगदी तळाला, मग टुणकन वर. मग पुन्हा खाली. पुन्हा वर. मध्येच तुटलेली, जिथं बॅटरी गेली होती. आणि शेवटी वरच्या वर, शांत, पाळण्यात झोपलेल्या पोरासारखी.

"आकडे तुमचे उत्तम आहेत," मॅडम म्हणाल्या. "पण आकड्यांबद्दलची माहितीच नाही. कुठे, कधी, कशानं मोजलं, मध्ये काय बदललं. त्यालाच मेटाडेटा म्हणतात. तो नसेल तर आकडे मुके."

मी म्हटलं, "मॅडम, माझ्या गॅरेजात बॅटरीचं ॲसिड आणि बॅटरीचं पाणी एकसारख्या बाटल्यांत असतं. दिसायलाही एकसारखं. बाटलीवर काही नसेल तर..."

"तर माणूस भाजतो. तेच झालंय." त्यांनी चष्मा काढला. "गंमत बघा. मथळा तुमचा इतका नीट आहे की विहिरी, पाणी, शहर असं काहीही शोधा, हाच डेटा पहिला वर येतो. सापडतो लगेच. त्यामुळे तो त्यांना सापडला."

भाचीनं मान खाली घातली. "मथळा मी दिला होता."

"मथळा चुकलेला नाही, बाळा. खालचं मोकळं राहिलं. दुरुस्ती करता येते. नवी आवृत्ती काढू. मला फक्त एवढं सांगा, नळी पलीकडे कधी नेली, आणि परत कधी आणली?"

आणि दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

आता काय सांगू तुम्हाला. मला सगळं आठवतं. नळी पहिल्यांदा भिंतीवरून पलीकडे दिली तेव्हा माझा सदरा काचेला अडकून फाटला होता, भिंतीवर काचा होत्या. भाऊजी शिडीवर उभे राहून सासऱ्यांची नक्कल करत होते. रोपवाटिकेच्या मालकानं आम्हाला एक झाड दिलं, ते जीपमध्ये माझ्या मानेला टोचत होतं सगळ्या रस्त्यानं. दुसऱ्या वेळी दवाखान्याची चादर उडून विहिरीत पडली, ती काढताना भाऊजींचा चष्मा गेला, तो अजून तिथंच असेल. पण साल? महिना? ते कुणी बघतं का? आम्ही कामाला गेलो होतो. मला वास सांगता येईल त्या दिवसाचा. तारीख नाही.

"जीपचं लॉगबुक?" मॅडमनी विचारलं.

"जीपबरोबर भंगारात."

"रोपवाटिकेचा मालक?"

"विकून गेला. कुठं ते माहीत नाही."

"मग या उड्या बघू." त्यांनी बोटानं रेघेवरच्या उड्या दाखवल्या. "पाऊस पडला की पाणी असंच चढतं. यातली कुठली उडी पावसाची, आणि कुठली तुमची?"

मी बघत राहिलो. सगळ्या एकसारख्या. माझ्या ॲसिडच्या बाटल्या.

"आणि बाकीच्या नळ्या?" त्या म्हणाल्या. "त्या कधीच हलल्या नाहीत हे तुम्ही ठामपणे सांगू शकाल?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण दुरुस्तीला दोन नळ्या एकदम गेल्या होत्या एकदा, आणि परत आल्यावर कुठली कुठल्या विहिरीत टाकली असं मी विचारलं, तर भाऊजी हसत म्हणाले होते, "असू दे, लक्षात आहे माझ्या." ते मी सांगितलं.  भाची उठून खिडकीपाशी गेली.

त्यानंतर मॅडम स्वतः घरी आल्या. त्यांच्या कामात ते बसत नव्हतं, तरी आल्या. चौथ्या नळीची रेघ मोठ्या कागदावर काढून आणली होती. जेवणाच्या टेबलावर पसरली, भाऊजींची खुर्ची जवळ घेतली, डाव्या हातात पेन्सिल दिली.

"सर, ही उडी. नळी हलवली का इथं?"

"बरोबर."

भाचीचा चेहरा उजळला. "आणि ही, बाबा? की हा पाऊस?"

"बरोबर."

"पाऊस ना?"

"बरोबर."

"की नळी?"

"बरोबर." त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. ओठ वेगळं काहीतरी म्हणायला जात होते, आकार वेगळा व्हायचा, आणि बाहेर तेच पडायचं. "बरोबर. बरोबर. बरोबर!" पेन्सिल कागदातून आरपार गेली, टेबलावर मोडली. त्यांना ठाऊक होतं हो. त्या रेघेतली उडी न् उडी त्यांना ठाऊक होती. कपाळावर बोट ठेवलं त्यांनी, पूर्वीसारखं. इथं आहे. आणि मग हुंदका आला.

ताई म्हणाली, "बास. उचला तो कागद."

मॅडमनी मग एवढंच केलं की डेटाच्या पानावर एक इशारा टाकला, की चौथी नळी मधल्या काळात दुसऱ्या विहिरीत होती, तारखा माहीत नाहीत, बाकीच्या नळ्यांच्या जागाही पक्क्या नाहीत. "अंदाजानं तारखा टाकल्या तर उद्या त्याच खऱ्या होऊन बसतील," त्या म्हणाल्या. "ते मी करणार नाही. तुम्हीही करू नका."

सुनावणीला भाऊजींना न्यायचं ताईनंच ठरवलं. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "कागदावर इशारा कोण वाचतो? माणूस बघू दे त्यांना. ज्यानं मोजलं तो माणूस बघू दे." तिनं त्यांचा कोट काढला, दाढी केली, बटणं लावली. मीच उचलून गाडीत बसवलं.

लांब खोली, लांब टेबल, टेबलाच्या पलीकडे समितीचे अध्यक्ष. लाँड्रीवाली मागं बसलेली, बादली मांडीवर. सल्लागार तरुण होता. नम्र. मला तो वाईट वाटला नाही, आणि तेच वाईट वाटलं. भाचीनं उठून सगळं सांगितलं, नळी कशी हलली, का हलली. मीही सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "कधी हलली?" आम्ही म्हटलं, ते माहीत नाही. ते म्हणाले, "हा इशारा पानावर कधी आला?" भाचीनं सांगितलं, आता, अहवालानंतर.

सल्लागार उठला. "साहेब, या कुटुंबाबद्दल मला आदर आहे. पण मी डेटा घेतला तेव्हा असा कुठलाही इशारा नव्हता. चौथी नळी लाँड्रीच्या विहिरीत, असं यांनीच लिहिलं होतं. आता हरकत आल्यावर, तारखेशिवाय, एक चालक सांगतो म्हणून मी काय समजायचं? आणि ज्यांनी मोजलं ते सर इथं आहेत." तो भाऊजींकडे वळला. आवाज खाली आणला. बिचाऱ्याला ठाऊक नसावं. की ठाऊक होतं, ते मला आजही कळलेलं नाही. "सर, हे आकडे तुमचेच ना?"

"बरोबर," भाऊजी म्हणाले.

"चौथ्या नळीत पाणी वर आलं. बरोबर?"

ताई उभी राहिली. "अहो त्यांना विचारू नका! ते..."

"बरोबर," भाऊजी म्हणाले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मान जोरजोरात नाही नाही करत होती. "बरोबर. बरोबर."

लिहून घेणाऱ्यानं शब्द लिहून घेतला. मान कुठं लिहिता येते?

ताईनं डॉक्टरांचं सांगितलं, भाचीनं सांगितलं. अध्यक्षांनी ऐकून घेतलं. म्हणाले, ठीक आहे, सरांचं उत्तर आम्ही बाजूला ठेवतो. पण मग पाणी कमी झालं याचा तुमच्याकडे दुसरा मोजलेला पुरावा आहे का? लाँड्रीवाली मागून उठली आणि बादली टेबलावर आणून ठेवली. रिकामी. "हा," ती म्हणाली. कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत, पण बादली मोजमापात बसत नाही, असं म्हणाले. पंपांना परवानगी मिळाली.

 घरी पोचल्यावर ताई भाऊजींचा कोटही न उतरवता तशीच फ्रीजसमोर उभी राहिली. नंबराच्या कागदासमोर.

"काढून टाक ते," ती भाचीला म्हणाली. "त्यांच्या नावावर ते खोटं नको."

"आई, बाकीच्या नळ्यांचंही सगळं जाईल. सगळी वर्षं."

"जाऊ दे."

"परवानगी मिळालीच आहे. काढलं तरी ती फिरत नाही."

"मला कळतं," ताई म्हणाली. "काढ."

भाचीनं मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, "मागे घेता येईल. पण एक सांगते. आकडे जातात, पान जात नाही. ज्यांनी संदर्भ दिलाय त्यांचा धागा तुटू नये म्हणून तो नंबर आम्ही कायमचा ठेवतो. त्यावर नाव राहतं, मथळा राहतो, आणि मागे का घेतला ते राहतं. आमच्याकडे त्याला थडग्यावरचा दगड म्हणतात."

मग कारणाचा रकाना आला. या रकान्याला लाल चांदणी होती. ताईनं सांगितलं, भाचीनं लिहिलं. मोजण्याची जागा बदलली होती. केव्हा, ते ज्यांना माहीत आहे त्यांना सांगता येत नाही.

पान उघडलं. वर भाऊजींचं पूर्ण नाव. मथळा. वर्षं. नंबर. ती दोन वाक्यं. आणि खाली, जिथं आकडे उतरवून घ्यायचं बटण असायचं, तिथं पांढरं.

"दिसतंय का हो?" ताईनं विचारलं. "असंच करायचं होतं ना?"

आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांचा तो एक शब्द यायची वाट बघत होतो, यापूर्वी कधी बघितली नव्हती इतकी. भाऊजींनी डावं बोट पडद्यावर ठेवलं, त्या पांढऱ्या जागेवर, आणि ते तिथंच ठेवून बसले. काही म्हणाले नाहीत. त्या दिवसापासून तो शब्दही गेला.

गेल्या आठवड्यात त्यांना गाडीत घालून तिकडे नेलं. ताई म्हणाली, जरा हवा लागेल. वखारींच्या मागं पंप सुरू झालेत, लांबूनच जमीन घरघरते. रोपवाटिकेच्या जागी कारखान्याचं कुंपण आलंय, आत जायला देत नाहीत. चौथी नळी तिथंच असणार, तारेला लोंबत. लाँड्रीपाशी मी गाडी थांबवली. फाटकाला कुलूप होतं. अंगणातल्या दोऱ्या तशाच ताणलेल्या, एकाही दोरीवर चादर नव्हती, आणि विहीर पहिल्यांदाच मला फाटकातून सरळ दिसली. भाऊजींनी काच खाली करायची खूण केली. मी केली. बराच वेळ ते बघत होते. मग मी काच वर घेतली आणि गाडी वळवली.